‘ताई, डीएलएल बदललीस का?’

रविवारची रात्र, पावणेबारा वाजलेले. बाहेर पुण्याचा जुलैमधला पाऊस. सोमवारी सकाळी नऊला मीटिंग. आणि मी नाशिकला फोन लावून गाढ झोपलेल्या बाबांना उठवतेय. ‘बाबा, घाबरू नका, पण तुमचं नेटबँकिंग आत्ताच्या आत्ता बंद करायचंय.’

‘घाबरू नका’ने सुरू झालेल्या फोनवर आजवर कोणी घाबरायचं राहिलंय?

आणि हे सगळं कशामुळे? तर एका व्हिडिओ गेममध्ये मला थोड्या जास्त फ्रेम्स हव्या होत्या म्हणून! हसा, खुशाल हसा. ऑफिसातले सगळे हसून झालेत. पण तुमच्यापैकी ज्यांच्या घरी चार वर्षांचा गेमिंग लॅपटॉप आहे आणि नवा घ्यायचं बजेट फ्लॅटच्या डाउन पेमेंटमध्ये अडकलंय, त्यांनी जरा पुढे वाचा.

मी हिंजवडीत टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे मलाच टोचणार आहे). २०२१च्या दिवाळीत बोनस मिळाला आणि मी लॅपटॉप घेतला, आरटीएक्स ३०५०वाला, ग्राफिक्सची मेमरी चार जीबी. आईला सांगितलं, ऑफिसच्या कामासाठी. कीबोर्डखालून लाल-निळे लाइट लागलेले बघून ती म्हणाली, ‘ऑफिस आहे की गणपतीचा मांडव?’ असो.

रविवारी रात्र झाली की तो लॅपटॉप आणि मी. आठवडाभर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकणाऱ्या माणसाला पडद्यावर एखाद्या मोकळ्या डोंगरावर चालत सुटण्यात काय सुख असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. पण दोन-तीन वर्षांत नवे गेम जड होत गेले आणि माझं मशीन धापा टाकायला लागलं. फॅनचा आवाज कुकरसारखा आणि फ्रेम्स पंचवीस-सव्वीस. म्हणजे हिरो वळतोय, पण हप्त्याहप्त्याने!

माझा धाकटा भाऊ चिन्मय नाशिकला इंजिनीअरिंगला आहे. त्याच्याकडे रडगाणं गायले. पठ्ठ्याने एका ओळीत विचारलं, ‘ताई, डीएलएल बदललीस का?’

मला वाटलं काहीतरी पार्ट आहे. म्हटलं, ‘केवढ्याला येतो?’ तो हसून हसून पडला.

तर फंडा असा आहे. तुमच्या लॅपटॉपचा पडदा १९२० बाय १०८० असेल, तर एका चित्रात २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदाला साठ चित्रं हवी असतील तर बारा कोटींहून जास्त ठिपके, दर सेकंदाला! प्रत्येकावर ऊन किती, सावली कुठे, पाण्यात काय दिसतंय याचा हिशेब. बिचारं कार्ड दमणारच. मग एक युक्ती निघाली. चित्र लहानच काढायचं, समजा १२८० बाय ७२०. त्यात ठिपके फक्त ९,२१,६००, म्हणजे निम्म्याहूनही कमी. आणि मग ते मोठं करून दाखवायचं. यालाच म्हणतात अपस्केलिंग.

पण मोठं करणं म्हणजे नुसतं ताणणं नव्हे. ताणलं की काय होतं ते आपल्याला माहितीच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला पासपोर्ट फोटो ए-फोर कागदावर छापून बघा. नाकाच्या जागी दही.

एनव्हिडियाने यासाठी आणलं डीएलएसएस, म्हणजे डीप लर्निंग सुपर सॅम्पलिंग. २०१८ साली आरटीएक्स कार्डांबरोबर ते आलं. नावात लर्निंग असल्यामुळे माझा कितीतरी दिवस समज होता, की आत एक एआय बसलाय आणि तो धूसर चित्र बघून मनानेच बारकावे काढतोय. चिन्मयने मला भलतंच काहीतरी समजावलं, मग मी स्वतः वाचत बसले. खरी गंमत वेगळीच निघाली.

आमच्या फ्लॅटच्या खिडकीला डासांची जाळी आहे. त्या जाळीतून समोरच्या दुकानाची पाटी वाचायला गेलं तर अक्षरं तुटक दिसतात, कारण मधे तारा येतात. पण डोकं जरासं डावीकडे-उजवीकडे हलवलं की प्रत्येक वेळी वेगळा तुकडा दिसतो आणि डोक्यात पाटी पूर्ण जुळते. जे दिसलं ते खरंच तिथे होतं, फक्त एका नजरेत मावलं नाही, इतकंच. २०२० सालच्या मार्चमध्ये आलेलं डीएलएसएस २.० नेमकं हेच करतं. गेम प्रत्येक फ्रेमला कॅमेरा एका ठिपक्यापेक्षाही कमी अंतराने हलवतो. आपल्याला ते कळतसुद्धा नाही. त्या हलण्यातून दर वेळी नवे तुकडे मिळतात आणि मागच्या फ्रेम्समधले तुकडे जोडून मोठं चित्र तयार होतं.

अडचण एकच. गेममधलं जग पाटीसारखं एका जागी थांबत नाही. घोडा धावतो, गवत हलतं, आपण वळतो. म्हणून गेमला सोबत आणखी माहिती द्यावी लागते. या फ्रेममधला हा ठिपका मागच्या फ्रेममध्ये कुठे होता, याचा एक नकाशा. याला मोशन व्हेक्टर म्हणतात. आणि कोणती गोष्ट जवळ, कोणती लांब, याचा दुसरा नकाशा. घोडा पुढे गेला की त्याच्या मागची भिंत पहिल्यांदाच दिसते, तिथे जुनी आठवण वापरून चालत नाही, ती फेकायची. कोणती आठवण ठेवायची आणि कोणती फेकायची, हे ठरवणं हे त्या शिकवलेल्या नेटवर्कचं मोठं काम. हे वाचलं त्या दिवशी मी अक्षरशः खुर्चीत सरळ बसले. एआय कल्पना करत नाहीये, तो आठवणी निवडतोय! (आपल्याला हे जमलं असतं तर काय पाहिजे होतं.)

आणि निवड चुकली की भूत दिसतं. गेमर मंडळी त्याला घोस्टिंगच म्हणतात. हललेल्या गोष्टीच्या मागे तिचीच पुसट शेपटी राहते. ‘डेथ स्ट्रँडिंग’ हा गेम जुलै २०२०मध्ये पीसीवर आला, तेव्हा डीएलएसएसच्या चित्राचं सगळीकडे कौतुक झालं. पण हवेत तरंगणारे बारीक कण मागे काळसर रेघा सोडत होते, हेही लोकांनी बरोबर हेरलं. असे कण बऱ्याचदा मोशन व्हेक्टरच्या नकाशात नसतातच. नकाशात जे नाही, त्याची आठवण कुठे जोडायची? मग ती जुन्याच जागी लोंबकळत राहते.

आता ती डीएलएल. हे म्हणजे आपल्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींसारखं आहे. स्वयंपाकघर तुमचं, कणीक तुमची, तवा तुमचा. मावशी येतात, ठरलेल्या ओट्यावरून ठरलेलं सामान घेतात आणि डबा भरून जातात. गेम म्हणजे ते स्वयंपाकघर. तो लहान चित्र, दोन्ही नकाशे आणि कॅमेरा किती हलवला तो आकडा ओट्यावर ठेवतो. डीएलएल नावाची फाइल ते उचलते आणि मोठं चित्र परत ठेवते. ही फाइल गेमच्या पोटात शिवलेली नसते, शेजारी वेगळी पडलेली असते आणि गेम सुरू झाल्यावर तिला आत बोलावतो. नाव मात्र भयंकर आहे – एनव्हीएनजीएक्स अंडरस्कोर डीएलएसएस डॉट डीएलएल. फोनवर चिन्मयने ते सांगितलं, तेव्हा मला वाटलं त्याला शिंक आली.

म्हणजे उद्या जास्त अनुभवी मावशी आल्या, तर स्वयंपाकघर तेच, कणीक तीच, पोळ्या मऊ! गेम बनवणाऱ्यांनी दोन वर्षांत काही हात लावला नसला, तरी फोल्डरमधली जुनी फाइल काढून त्याच नावाची नवी ठेवली की झालं. डीएलएसएसच्या पहिल्या अवतारात हे जमणारं नव्हतं, कारण तेव्हा नेटवर्कला प्रत्येक गेमसाठी वेगळं शिकवावं लागायचं. २.०पासून सगळ्या गेमना एकच नेटवर्क चालायला लागलं. मग जून २०२१मध्ये ‘रेनबो सिक्स सीज’बरोबर २.२.६ नंबरची फाइल आली. लोकांनी ती उचलून भलत्याच गेमच्या फोल्डरमध्ये टाकून पाहिली, तर तिथे भुतं कमी झाली! तेव्हापासून हा जगभरातल्या फाटक्या खिशाच्या गेमरांचा छंदच झाला.

पण घरात मीठच नसेल तर मावशी कितीही अनुभवी असू देत, पोळी अळणीच होणार. गेमने नकाशात कण टाकलेच नसतील तर नवी फाइल अंदाज जरा बरा करेल, इतकंच. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण यूट्यूबवर असले व्हिडिओ बघितले की वाटतं, फाइल बदलली की लॅपटॉपला शिंगं फुटतात.

मी पहिल्यांदा बदलली ती जानेवारी २०२५नंतर. तेव्हा डीएलएसएस ४ आलं होतं. त्यात नेटवर्कची जातच बदलली, ट्रान्सफॉर्मर पद्धतीचं झालं. चॅटबॉटच्या मुळाशी असते ती पद्धत. आणि भारी गोष्ट म्हणजे चित्र मोठं करण्याचं हे नवं मॉडेल २०१८च्या पहिल्या आरटीएक्स कार्डांपर्यंत सगळ्यांना चालतं. मी जुनी फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये जपून ठेवली (टेस्टरची सवय), नवी टाकली, गेम सुरू केला. काहीच फरक नाही! चिन्मयला फोन. तर नुसती फाइल टाकून भागत नाही. एकाच फाइलमध्ये चित्र जोडण्याच्या जुन्या-नव्या तऱ्हा भरलेल्या असतात, इंग्रजी अक्षरांच्या नावाने. कित्येकदा गेम सवयीने जुनीच तऱ्हा मागतो. ते अक्षर वेगळं सांगावं लागतं. सोपा रस्ता म्हणजे एनव्हिडियाचं स्वतःचं अ‍ॅप, त्यात बऱ्याच गेमसाठी हे एका क्लिकवर होतं. फाइलींशी झटापटच नको.

ते केलं आणि मग... आहाहा! लांबच्या कुंपणाची तार. आधी ती तुटत, थरथरत असायची, आता सलग. चालताना गवत आधी ओल्या कापसासारखं दिसायचं, आता पाती पाती वेगळी. मी खेळायचं सोडून दहा मिनिटं कुंपणाच्या बाजूने नुसती येरझारा घालत होते.

फ्रेम्स वाढल्या का? नाही! उलट एक-दोन कमीच झाल्या, कारण नवं नेटवर्क जड आहे आणि जुन्या कार्डांना ते जास्त जाणवतं. फायदा आडवाटेने होतो. आधी मी ‘क्वालिटी’ मोडवर खेळायचे, म्हणजे आतलं चित्र ७२०चं. त्याखालचा ‘परफॉर्मन्स’ मोड लावला की आतलं चित्र फक्त ९६० बाय ५४०चं, पूर्ण ठिपक्यांच्या पाव! जुन्या फाइलवर ते बघवत नव्हतं. नव्या फाइलवर चक्क चालतं. आणि मोड उतरवल्याबरोबर कार्डाचं ओझं उतरतं. माझ्या पंचवीसच्या चाळीस-बेचाळीस झाल्या. एक रुपया खर्च न करता. एक लाख पंचवीस हजारांचा नवा लॅपटॉप मी कार्टमधून काढून टाकला आणि फ्लॅटच्या खात्यात पैसे सरकवले. इतकं शहाणपण माझ्या हातून वर्षातून एकदाच होतं.

सगळ्याच गेममध्ये असं जमत नाही बरं का. एएमडीचं एफएसआर २ कित्येक गेमच्या पोटातच शिवलेलं असायचं, सुटी फाइलच नाही तर बदलणार काय? २०२४च्या एफएसआर ३.१पासून त्यांनीही वेगळ्या डीएलएलचा रस्ता धरला. इंटेलच्या एक्सईएसएसची फाइल वेगळीच असते. ऑनलाइन गेममध्ये तर हात लावूच नका, चोरी पकडणाऱ्या प्रोग्रामला तुमची हौस कळत नाही, बदललेली फाइल तेवढी दिसते. आणि गेमचं अपडेट आलं की तुमची फाइल पुसून जुनी परत येते ती वेगळीच.

इथेच थांबले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पण चाळीस मिळाल्यावर माणसाला साठ हव्या असतात. शेजारी आणखी एक फाइल असते, तिच्या नावात शेवटी ‘जी’ जास्त. ती फ्रेम जनरेशनची. दोन खऱ्या फ्रेम्सच्या मधे एक बनवलेली फ्रेम घुसवायची. ही चीज २०२२ साली ४० मालिकेच्या कार्डांबरोबर आली आणि त्यांच्यावर व त्यापुढच्या कार्डांवरच चालते. माझं ३०५०. ती फाइल नुसती कॉपी करून उपयोग शून्य. हे मला माहीत होतं. पण हेही माहीत होतं, की एएमडीचं फ्रेम जनरेशन ओपन सोर्स आहे आणि ते एनव्हिडियाच्या दारातून आत घालणारे मॉड लोकांनी बनवलेत, ते चालतातही. म्हणजे ‘३०५०वर फ्रेम्स डबल’ हे अगदीच अशक्य नव्हतं. थापेत थोडं खरं मिसळलेलं असलं की ती घशाखाली अलगद उतरते.

चिन्मयला विचारायचं होतं. विचारलं नाही. दर वेळी त्याने मला शिकवायचं? एकदा मी त्याला स्क्रीनशॉट पाठवून चकित करीन! मोठ्या बहिणीचा इगो, दुसरं काय. एका कुठल्याशा साइटवरून झिप उतरवली. आत दोन फाइली. एक त्या ‘जी’वाली, दुसरीचं नाव विंडोजच्याच एका फाइलचं. सोबत सूचना : दोन्ही गेमच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तोवर अँटिव्हायरस बंद करा.

मी तो बंद केला. मी. टेस्टिंगमधली सीनिअर.

विंडोजच्याच नावाची फाइल गेमच्या फोल्डरमध्ये का ठेवायची, याला कारण आहे. गेमने एखादी डीएलएल मागितली की विंडोज बहुतेक वेळा आधी गेमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बघतं आणि मग सिस्टीमच्या. खरे मॉडसुद्धा हीच फट वापरतात. म्हणून मला संशय आला नाही. आणि डीएलएल म्हणजे काही फोटो किंवा गाणं नव्हे, तो चालणारा प्रोग्राम आहे. एकदा गेमने आत घेतला की गेमला जे जे करता येतं ते सगळं त्याला करता येतं. म्हणजे जवळजवळ मला जे करता येतं ते. माझ्या फाइली, माझा ब्राउझर, त्यातली लॉगिन्स. मावशींच्या नावाने भलतंच कोणी घरात शिरलं आणि कपाटाला कुलूप नाही, अशी गत.

गेम सुरू झाला. फ्रेम्स? चाळीस. एकही जास्त नाही. वैतागून मी बंद केला आणि मॅगी करायला गेले. परत येते तर मोबाइलवर मेल : तुमच्या खात्यात नव्या डिव्हाइसवरून लॉगिन झालं आहे. आधी वाटलं मीच असेन. मग जागा वाचली. मी आयुष्यात त्या देशात गेले नाहीये. आणि ओटीपी आलाच नव्हता! नंतर कळलं, तो लागलाच नसता. ब्राउझरमध्ये आपण लॉगिन राहतो ना, त्या खुणाच उचलल्या की पासवर्डही नको नि ओटीपीही नको.

मॅगी तशीच राहिली. अँटिव्हायरस सुरू केला, त्याने दुसऱ्याच मिनिटाला ती विंडोजच्या नावाची फाइल पकडून दाखवली. वायफाय बंद. आणि मग आठवायला लागलं, की या लॅपटॉपवर काय काय आहे. ऑफिसचं मेल, कारण कधीतरी घाईत उघडलं होतं. आणि बाबांचं नेटबँकिंग. रिटायर झाल्यापासून त्यांची एफडी, पेन्शन, लाइट बिल, सगळं मीच बघते. ‘तुला कळतं त्यातलं’ म्हणून त्यांनी पासवर्डची चिठ्ठी माझ्या हातात दिली होती. पोटात गोळा येणं म्हणजे काय, ते मला त्या रात्री कळलं.

बाबांनी फोनवर एकही प्रश्न न विचारता बँकेच्या नंबरवर कॉल केला, सगळं ब्लॉक केलं आणि वीस मिनिटांनी मला परत फोन लावला. पैसे जागच्या जागी होते. मग म्हणाले, ‘आता सांग, केलंस काय?’

मी सांगितलं. जाळी, आठवणी, फाइल, सगळं. रडत रडत. बाबा ओझरला एचएएलमध्ये होते, मिग आणि मग सुखोई यांच्या पार्टांमध्ये त्यांची तीस वर्षं गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘पार्टला टॅग होता?’

‘कसला टॅग?’

‘अगं, आमच्याकडे साधा बोल्टसुद्धा कागदाशिवाय विमानाला लागत नाही. कुठे बनला, कोणी तपासला. दिसायला सेम टू सेम असला तरी कागद नाही तर तो स्टोअरमध्ये परत. तुमच्या फाइलींना असं काही नसतं?’

असतं. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, त्यात ‘डिजिटल सिग्नेचर्स’ असा टॅब. एनव्हिडियाच्या खऱ्या फाइलवर एनव्हिडियाची सही असते आणि नंतर कोणी आत ढवळाढवळ केली असेल तर ती सही जुळत नाही. शेजारच्या ‘डिटेल्स’मध्ये व्हर्जन नंबर दिसतो. सही म्हणजे तुमच्या गेममध्ये ती फाइल नीट चालेलच अशी हमी नव्हे, फक्त ती कोणाकडून आली ते कळतं. हौशी लोकांच्या मॉडवर बहुधा सही नसते, तिथे तर ती कुठून उतरवतोय यालाच सगळी किंमत. हा सगळा तपास दहा सेकंदांचा. ऑफिसात दुसऱ्याच्या बिल्डवर मी तो रोज करते. त्या दोन फाइलींवर केला नाही.

‘बरं, झोप आता,’ बाबा म्हणाले. ‘आणि मॅनेजरला सकाळी नको, आत्ताच कळव.’

रात्री सव्वाबाराला मॅनेजरला फोन करण्यापेक्षा राजीनामा सोपा वाटत होता. पण केला. त्यांनी सिक्युरिटी टीमला जोडलं, त्यांनी माझी सगळी लॉगिन्स तोडली. ऑफिसच्या मेलपर्यंत कोणी पोचलं नव्हतं. सोमवारी फॉर्म भरायला दिला. त्यात एक रकाना होता, ‘सदर सॉफ्टवेअर वापरण्याचं कारण’. मी लिहिलं, ‘गेममध्ये फ्रेम रेट वाढवण्यासाठी’. सिक्युरिटीतले सर गंभीर चेहऱ्याने वाचत होते. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, ‘कुठलं कार्ड?’

माझं गेमचं खातं मात्र गेलं होतं. आठ वर्षांत सेलमध्ये दोनशे-तीनशे करत जमवलेले गेम. जुनी बिलं शोधून पाठवली, अकरा दिवसांनी परत मिळालं. लॅपटॉप कोरा करून विंडोज नव्याने टाकलं. बाबांचं नेटबँकिंग आता त्यांच्याच मोबाइलवर आहे. ‘तुला कळतं त्यातलं’ हे वाक्य त्यानंतर त्यांनी म्हटलेलं नाही. मीही आठवण करून दिलेली नाही.

आणि चिन्मय? तो ओरडेल अशी माझी तयारी होती. तो एवढंच म्हणाला, ‘ताई, मला विचारायचंस ना गं.’

दिवाळीला लॅपटॉप नाशिकला नेला आणि त्यालाच देऊन टाकला, त्याला प्रोजेक्टसाठी हवाच होता. माझं सध्या ऑफिसच्या मशीनवर भागतं, त्यावर गेम नाही, पत्तेसुद्धा नाहीत. भाऊबीजेच्या दुपारी तो हॉलमध्ये खेळत होता. बाबा मागे उभे राहून बघत होते, चष्मा कपाळावर. डोंगरावरच्या विजेच्या तारांकडे बोट दाखवून म्हणाले, ‘एवढी बारीक तार मूळ चित्रात होती का रे?’ चिन्मयने त्यांना आतलं ५४०चं चित्र नुसतं ताणून दाखवलं. तार चार-पाच ठिकाणी तुटलेली. मग परत डीएलएसएस लावलं. अखंड. बाबा म्हणाले, ‘परत कर.’ असं सहा-सात वेळा चाललं होतं. आई फराळाची ताटं घेऊन उभी.

परवा रात्री चिन्मयचा मेसेज आला. नवी डीएलएल आली होती. आधी प्रॉपर्टीजचा स्क्रीनशॉट, सहीच्या टॅबसकट. खाली : ‘बाबांनी बघितली. पास म्हणाले. टाकू का?’